कानामागची हळद

गुरुवार, संध्याकाळ

दोनदा केस धुतले, तरी डाव्या कानामागच्या जटेतली हळद जात नाही.

आठ महिन्यांपूर्वी मी केस विंचरणं सोडलं, ते केवळ मला अशा जटा आवडतात म्हणून. ऑफिसात 'महाराज' म्हणतात, ते चालतं. आज सिन्नरहून येताना एसटीत शेजारच्या म्हातारीने न विचारता जटेला हळदकुंकू लावलं आणि तान्हा नातू माझ्या मांडीवर ठेवला.

"देवी हाय तुझ्या केसात, माय. तीन दिस झाले, लेकराचा ताप उतरत नाय. डोक्यावर हात ठेव."

दवाखान्यात न्या, एवढंच म्हणायचं होतं. मी हात ठेवला. "आता दवाखान्याचं काम नाय," म्हणत ती फाट्यावर उतरली.

आईने दारातच हळद पाहिली. मावशीला जट आली तेव्हा गाव तिला देवीला सोडायला निघालं होतं. ती जट आईने कापली, स्वतः चौदा वर्षांची असताना. मला वाटलं, आता कात्री आणेल. मी सगळं सांगितलं.

"केस तुझे आहेत, ठेव," ती म्हणाली. "पण हात का ठेवलास?"

बाळ रडत होतं, असं मी म्हणाले.

खोटं. बाळ निपचित पडलं होतं. म्हातारी माझ्या पायाशी वाकली होती आणि मला ते बरं वाटलं.