व्हरांड्यातली खुर्ची

आबा, मी खुर्चीत बसलोय. वेताची नाही, लाकडाची आहे, पण व्हरांड्यातली आहे आणि घर दुसऱ्याचं आहे. समोर कापणी झालेलं मक्याचं शेत, पलीकडे चर्चचा पत्र्याचा कळस, आणि शेजारच्या खुर्चीत आई, माझं जॅकेट पांघरून. क्युबेकच्या एका खेड्यात हे कॉटेज मी आठवड्यासाठी भाड्यानं घेतलंय. मी काम करतो त्या इकडच्याच केंब्रिजहून दिवसभर गाडी चालवत आलो. दहावी नापास वेल्डर, सुट्टीवर. हसा.

तुम्ही हसणार नाही. पाचगणीचा साहेबांचा तो बंगला तुम्ही जन्मभर सांभाळलात. गेटवर पाहुण्यांचा हॉर्न वाजला की आपण तिघं मागच्या खोलीत. ते मला कळायचं. पण पावसाळ्यात तिकडं कुत्रं फिरकायचं नाही, तरी वेताच्या खुर्च्या चादरी पांघरून व्हरांड्यात आणि आपण पायरीवर. एकदा मी चादर ओढली आणि बसलो. तुम्ही आलात, ओरडला नाहीत. "उठ लेका. सवय लागंल." मारलं असतंत तर विसरलो असतो. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल काढलात आणि मी बसलो होतो ती जागा पुसलीत. ते मी विसरलेलो नाही, आबा, विसरणारही नाही. सवय लागावी म्हणूनच तर इतक्या लांब आलो.

इथं परवडतं, कारण सीझन सरलाय, आणि चादरी आपल्या आपण आणायच्या, जाताना घरही आपणच झाडायचं. मालकीण म्हातारी आहे, फ्रेंचशिवाय फारसं बोलत नाही. तिनं चावी दिली, मग झाडू माझ्या हातात देऊन खुणेनं समजावलं.

आई बघतच राहिली. "म्हंजे पाव्हण्यानंच झाडायचं? मग हितं सायेब कोण?"

"कुणी नाही."

"मग तुझ्या आबांसारख्या माणसानं काय करायचं?"

"बसायचं," मी म्हणालो.

पटलं नाही तिला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अंगणातली मेपलची पानं झाडत होती.

"आई, ठेव तो झाडू. आपण पाहुणे आहोत."

"पानं पडल्यात, दिसत न्हाईत व्हय? आबा असते तर..."

"आबा नाहीत."

जोरात बोललो. झाडू नेऊन गाडीच्या डिकीत टाकला. ती दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी खुर्चीच्या कडेवर बसली. दिवसभर तशीच. मीही हट्टानं शेजारी बसून राहिलो. मान मोडली असती तरी उठलो नसतो. पण काल ती मागं टेकली. आणि आज सकाळी, आबा, मागं वळून न बघता म्हणाली, "च्या आण रे." तुमच्या बायकोनं जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी चहा आणायला सांगितला. मी आणला, बशीसकट.

दुपारी रस्त्यावरची खडी वाजली. मालकीण अंडी घेऊन आली होती. आई जागची हलली नाही. बसल्या बसल्या हात वर करून "बोंजूर" म्हणाली, मीच शिकवलेलं. म्हातारीनं अंडी तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः पायरीवर टेकली. बरोबर तुमच्या जागी. आई तिला म्हणत होती, "अगं, वर बस की, खुर्ची हाय." तिला कळलं नाही, दोघी हसल्या. तुम्ही हे बघायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी तिला परत आणणार आहे, आणि तुमचं काहीएक ऐकणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून उरलेलंही लिहितो. खडी वाजली तेव्हा मी उठलो होतो. नुसता उठलो नाही, शर्टाच्या बाहीनं खुर्ची पुसलीसुद्धा. आईनं पाहिलं. माझ्या खुर्चीवर हातानं थोपटलं. मग परत बसलो.