कनेरगाव नाक्याआधी उचललेली काच

अप्पा, तुम्हा छापणाऱ्यांची तक्रार मी आजवर कितीतरी सभांत गर्जून सांगितली: बॅनर सगळं गाव वाचतं, छापणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही, बिघडलं की मात्र आधी त्याच्याकडंच बोट. टाळ्या पडतात. पण पहिली टाळी मला कशी मिळाली, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय.

रसायन चढवलेली छपाईची जाळी तुम्ही अंधाऱ्या खोलीतून आणायचात, वर काळ्या अक्षरांचा कागद आणि काच ठेवून अंगणात ऊन द्यायचात. घड्याळ कधी बघितलं नाहीत. जागच्या जागी, तोंडानंच हिंगोलीहून वाशीमकडं निघायचं आणि वाटेतलं एकेक गाव सावकाश म्हणायचं. चैत्रात कनेरगाव नाका आला की काच उचलायची; पौषात थेट वाशीम गाठावं लागे. ऊन लागलेलं रसायन घट्ट धरून बसतं, अक्षरांखालचं पाण्यानं निघून जातं, आणि तिथूनच शाई कापडावर उतरते. मी ब्रश घेतला की तुम्ही ओरडायचात, "घासू नको बाई! पाण्याला काम करू दे."

त्या चैत्रात माझ्या पहिल्या सभेचा बॅनर होता. विषय, कष्टकऱ्याचा मान. "नाका आला की उचल," म्हणून तुम्ही कापड ताणायला आत गेलात. मी गावांऐवजी भाषण म्हणत होते. टाळीचं वाक्य आलं आणि त्याच झोकात काच उचलली. नाका अजून बराच लांब होता.

तुम्ही पाणी सोडता. अक्षरं उघडतात, आणि मग भोवतीचं हिरवं रसायनही सरकू लागतं. बघता बघता जाळी उघडी पडते. दारात आयोजक उभे. "अप्पा, चष्मा बदला आता! चारला सभा हाये, अन् तुमी हे काय करून राहिले?" तुम्ही एकदाच माझ्याकडं बघितलंत. "व्हय, माझीच नजर चुकली," म्हणालात. मी भाषण घोकत सभेला निघाले. नवी जाळी वाळेपर्यंत बॅनरशिवाय सभा उरकली. मी मात्र गाजले.

अप्पांची नजर गेली, असं मग गावभर झालं. मोठी कामं नांदेडला जाऊ लागली. तुम्ही तो विषय घरात कधी काढला नाहीत. आई अजून शेजारणींना सांगते, "शेवटी शेवटी त्यायला दिसतच न्हवतं बाई." मी तिथंच चहा पीत बसलेली असते.

हे पत्र धाडायचं कुठं? उठा, बोला, असं मी लोकांना सांगत आले. आज स्वतःलाच सांगते: पेन ठेव, स्वयंपाकघरात जा, आणि आईला सांग की अप्पांना शेवटपर्यंत नीट दिसत होतं, काच तू उचललीस.