क्रोलची शाई

५ ऑक्टोबर १९८१

आज मी नोकरदार झाले! पगार नाही, पण कोट अडकवायला माझ्या नावाची खुंटी आहे. ही वही माझ्या नातीने, फेनाने दिली. म्हणाली, आजी, गावभर बडबडतेस ते आता इथे बडबड. दिवस भरत आलेत तिचे, पोट असं पुढे की वर चहाची बशी ठेवावी. शाळा मी चौथीत सोडली आणि वडिलांच्या बेकरीत लागले, तेव्हा अक्षराला हसायचं नाही. बेकरीत उंदीर फार. कोळशाच्या फावड्याने मी एका फटक्यात आडवा करायचे. आई म्हणायची, हिचा हात बघण्याआधीच पडतो! ते फावडं अजून आहे माझ्या शेगडीपाशी.

हां, तर नोकरी. गावच्या दप्तरखान्यात जुने कागद येतात, त्यांच्या गंजक्या टाचण्या उपसायच्या आणि नव्या पुठ्ठ्यांत घालायचे. तिथले योस्ट साहेब माझ्या धाकट्याच्या वयाचे. पांढरे हातमोजे देऊन बजावलं, की थुंकी लावून पान उलटायचं नाही हं आजीबाई. मी म्हटलं, मला अडाणी समजलात काय? म्हणाले, नाही हो, बेकरीवाली समजलो. हसून हसून पोट दुखलं माझं.

८ ऑक्टोबर

कागदांच्या ज्या पेट्या मी उपसतेय त्या क्रोलच्या आहेत. युद्धात गावात जर्मन होते तेव्हा त्यांच्या पेपरात तो व्यंगचित्रं काढायचा. त्याची बायको आता वारली, म्हणून कागद इकडे आले. वर त्याचे मोजे, चष्म्याच्या काड्या, सुकलेले ब्रश. खाली चित्रं.

कोपऱ्यावरचे कापडवाले द फ्रीस, त्यांची बायको, दोन मुली. चेहरे हुबेहूब, द फ्रीसांचा वाकडा चष्मासुद्धा. मानेखाली उंदराचं अंग. नागडी शेपटी, ओले राठ केस. माझ्या लग्नाची रिबीन त्या माणसाने फुकट दिली होती, वर गाठही स्वतः मारून. ज्यू म्हणून चौघांना गाडीत घालून नेलं, कुणी परत आलं नाही.

भराभर उलटून पेटी मिटावी म्हटलं. त्यात कागद एकमेकांना चिकटलेले, हातमोज्यातलं बोट मध्ये सरकेना. मोजा काढला आणि, जन्माची सवय हो, बोट जिभेला लावलं. एकदा नाही, पानापानाला. चव शिळ्या चरबीसारखी.

१२ ऑक्टोबर

चव जात नाही, जिभेवर काळा डागही पडलाय. मिठाने जीभ घासली, रक्त आलं, काळा डाग तिथेच. साहेबांना सहज विचारावं तसं विचारलं, की शाई कसली हो वापरायचा हा? म्हणाले, शाई साधीच, पण ब्रशला टोक यावं म्हणून दर रेघेला तोंडात घालून चोखायचा. मरताना जीभ काळी होती म्हणे. म्हणजे त्या कागदांवर त्याची थुंकी, आणि ती माझ्या तोंडात. अंगणात जाऊन ओकले. ओकारीही काळी.

१४ ऑक्टोबर

फेनाला मुलगी झाली! मारिट नाव ठेवलं. पणजी झाले मी! रिवाजाप्रमाणे कडक टोस्ट, लोणी, वर साखरेत घोळलेली गुलाबी-पांढरी बडीशेप. आमच्याकडे त्या दाण्यांना उंदीरच म्हणतात, पिढ्यान् पिढ्या खातोय. शेजारचा टीनस म्हणाला, खा आजी, तोंड भरलं की तेवढीच आम्हाला शांतता.

दाणे जिभेवर वळवळले. एकाला पाय होते. रुमालात थुंकले.

बाळाला घेतलं नाही, सर्दीचं निमित्त केलं. फेनाचं तोंड एवढंसं झालं. म्हणाली, पंचवीसच्या रविवारी तुझ्याकडे आणते, मांडीवर घेतल्याशिवाय सोडणार नाही बघ.

२० ऑक्टोबर

टीनस कोळसा घेऊन आला. गालांवर राठ केस, लांब पिवळे दात, विजारीतून शेपटी फरशीवर घासत होती. म्हणाला, बरं नाही का गं आजी? गुणाचा आहे तो, माहीत आहे मला. तरी हात शिवशिवला.

हे क्रोलचे डोळे आहेत. माझे नाहीत.

फावडं टीनसलाच देऊन टाकलं.

२३ ऑक्टोबर

साहेबांना सगळं सांगितलं, थुंकीचंही. म्हणाले, आजीबाई, दमलात तुम्ही. ओठांवर उंदराच्या मिशा हलल्या —

डोळे मिटले की माणसं माणसंच असतात. फेनाला येऊ नको म्हणून निरोप धाडला. उलट निरोप — नाटकं करू नकोस आजी.

२५ ऑक्टोबर

आली. बाळाची टोपली शेगडीपाशी ठेवली, ऊब लागावी म्हणून. फेना मागे अंगणात लंगोट वाळत घालतेय. हाताला काम हवं म्हणून लिहितेय. डोळे मिटून — ओळी वाकड्या —

टीनसने फावडं परत आणून ठेवलंय. घासून, चकचकीत. तुझं आवडतं ना, म्हणाला —

मिटले की दुधाचा वास. उघडले की —

नको. मारिट आहे. मारिट. पेन सोडायचं नाही.

रडतेय. बारीक, चिं चिं —

फेनाला हाक मारली. फावडं घेऊन जा, लवकर. आली दारात. म्हणाली, घे की गं तिला, चावते का? स्कर्टखालून शेपटी — हिलाही —

पेन सुटतंय. हात बघण्याआधीच