दोन डाव्या बाह्यांचा कोट

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कंबर एकदा वाकली की वर यायला का कू करते). तब्येत कशी आहे? लेकीकडे चार दिवस म्हणून गेलास तो तिकडेच मुक्काम ठोकलास. फोनवर तू नुसतं 'हो हो' म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हा कागद.

आपल्या बँडमास्तरांच्या कोटाचं रामायण तुला अर्धंच ठाऊक आहे. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. (तू चहाला गेला होतास तेव्हा मीच कापल्या. कात्री तुझी, अक्कल माझी. दुसरं काय होणार?) मास्तरांनी कोट चढवला, आरशासमोर ताल धरला, तर डावा हात शहाण्यासारखा चालला आणि उजवा जो मागे ओढला गेला तो तिकडेच अडकला. ते बिचारे हसले. मला हसू येईना. आपले वडील शेवटी शेवटी आपल्यालाच घरचा पत्ता विचारायचे, ते आठवलं.

म्हणून डॉक्टरीणबाईंना नुसतं विचारायला गेलो. त्यांनी आधी माझ्याच दंडाला पट्टा गुंडाळला. जन्मभर लोकांची मापं घेतली, पहिल्यांदाच कुणी माझं घेतलं, आणि रक्तदाब असा निघाला की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घेतला! म्हणाल्या, हा वर्षानुवर्षं चढलेला राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या ताठरतात, अरुंद होतात, आणि माणूस हळूहळू विसरायला, गोंधळायला लागतो. माझ्या गळ्यातली टेप बघून पुढे म्हणाल्या, "झालेलं सगळं उसवून नीट करता येईलच असं नाही, पण पुढचं फाटणं बरंच थांबवता येतं. लवकर आलात तर." गोळी, कमी मीठ, रोज चालणं, आणि तंबाखू बंद. (तंबाखूची डबी आता बटणांना दिली आहे. तुझीसुद्धा. ओरडू नकोस.) सध्या रोज सकाळी तळ्याला फेरी मारतो. एकट्यानं कंटाळा येतो रे, तुझ्यासारखं भांडायला कुणी नाही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारी सकाळी दवाखान्यात दोघांची नावं दिली आहेत. बुधवारच्या गाडीनं ये.

ता. क. २. बाह्या मी कापल्या हे खोटं. खडूची रेघ तुझ्या हातची आहे, हे तूही ओळखलंस, म्हणूनच लेकीकडे जाऊन बसलास. मला भीती वाटते दादा. पण बाई सांगत होत्या तेव्हा पहिल्यांदाच थोडी कमी वाटली.

ता. क. ३. मास्तर थांबायला तयार आहेत. डावी बाही मी बसवली. उजवीचं कापड टेबलावर पसरून ठेवलं आहे, खडूही तिथेच. मी हात लावणार नाही.