किनाऱ्याजवळचे चार गुंठे

डहाणू, ७ ऑगस्ट १९६२
जागा पाहिली. किनाऱ्याच्या गल्लीत, चार गुंठे, सपाट. हे शाळेत, म्हणून शेजारच्या काकूंना घेऊन गेले. उभ्याउभ्याच मनात चार खोल्या बांधून झाल्या. एकीत आम्ही, तीन भाड्याने. हे रिटायर झाल्यावर तोच आधार. कोपऱ्यात बांबूंची रास होती. दलाल केशूभाई म्हणाले, "कुंपणना छे, बेन. तुमनाच कामी येतील." विहिरीचे पाणी चाखले. गोड.

१२ ऑगस्ट
तलासरीहून दादा आला. कागदातले त्याला कळते. सातबारा स्वच्छ, कुळाचे नाव नाही. तरी खूश नाही.
"भर पावसात विहीर गोडच लागणार. मे महिन्यात चाख."
"मेपर्यंत जागा थांबेल?"
"असं म्हणणारं गिऱ्हाईकच दलालाला हवं असतं."
प्रश्न लिहून घ्यायला लावले. रस्ता कोणाचा? भरती कुठवर येते? हद्दीचे दगड कोणी दाखवले? आणि, विकणाऱ्याला विचारू नकोस, आसपासच्या माणसांना विचार. पण तिथे चिटपाखरू नव्हते. होड्या वर ओढलेल्या.

१५ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
पाटल्या मोडून इसार दिला. पितृपंधरवड्याआधी खरेदीखत. हे म्हणाले, "देवीला विचारलंस?" म्हटले, विचारले. "काय म्हणाली?" "पतीला विचार म्हणाली." हसले. मला मात्र हात फार हलके वाटतात.

३१ ऑगस्ट
श्रावण सरला. महिन्याने जमना कोळीण दारात. टोपली उतरवण्याआधीच म्हणाली,
"वहिनी, आमचे बोंबील वाळवायची जागा तुम्ही घेतली म्हणे?"
तिनेच सांगितले. ते बांबू कुंपणाचे नव्हते. पाऊस ओसरला की उभे करून दोऱ्या ताणतात, त्यावर बोंबील. जमनाची सासू, तिची सासू, सगळ्या तिथेच. कागद कोणाकडेच नाही.
"महिनाभर बोलली का नाहीस?"
"श्रावणात तुमच्या दारात मासळी घेऊन येऊ?"
खरेच. माझ्या व्रतामुळेच मला कळले नाही. सोवळ्यात राहून जागा घेतली आणि विचारायला हवे ते माणूस दाराबाहेर राहिले.

५ सप्टें.
दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. आज एकटीच जागेवर गेले. बांबू उभे आहेत. सहा बाया दोऱ्या ताणत होत्या. एकीने तोंडावर सुनावले, "मालकीणबाई, नाकाला पदर लावा."
लावला नाही.

८ सप्टें.
केशूभाई म्हणतात, पहिल्या दिवशी बांबू उपटून फेका, मग कोणी येत नाही. आणि इसार परत मिळणार नाही, तशी चिठ्ठीच आहे. दादा म्हणतो, कायद्याने तू बरोबर. कायद्याने म्हणताना माझ्याकडे पाहिले नाही. त्याला विचारले, वाळवण्यास हरकत नाही असे खतात लिहिता येईल? "येईल. मग बोंबलांशेजारी भाड्याने कोण राहील, तेही लिहून ठेव."
जप करताना तीनदा चुकले. मणी पुढे आणि मन त्या बांबूंत.

१२ सप्टें., बुधवार
उद्या सही. संध्याकाळी जमना आली, टोपली नव्हती. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "चला, तुमच्या खोल्या कुठे येणार ते दाखवा. तेवढेच बांबू हलवतो. उरलेल्यात भागवू."
गेले. पाय मोजत चार खोल्या आखल्या, पुढे अंगण, मागे परस, विहिरीची वाट धरून. ती मागून टाचेने वाळूत रेघ ओढत आली. चौथी खोली संपली तेव्हा बाहेर दोनच बांबू उरले होते. तिने ते हलवून पाहिले, घट्ट आहेत का म्हणून.
"दोन दोऱ्यांवर काय वाळणार ग?"
"तुमच्यापुरते वाळतील, वहिनी."
म्हटले, उद्या सांगते.
दादा सकाळी तलासरीहून पहिल्या गाडीने निघतोय. हे, उद्याचे कपडे काढून ठेवायला सांगून, झोपले. देवापुढे बसले आहे. चारऐवजी तीन खोल्यांचा हिशेब पुन्हा मांडते आहे, मग दोनांचा.