काळी अडली तेव्हा

छोटे,

पुढच्या आठवड्यात शेळ्या व्यायला लागतील. सकाळपासून त्याचीच तयारी चाललीय. जुन्या चादरी फाडून उकळून घेतल्या, नाळेला लावायला आयोडीन आणलं, अशक्त करडांसाठी दुधाची बाटली धुऊन ठेवली. हातमोजेही आणलेत. गेल्या वर्षी तू ते मागितलेस, तेव्हा मी हसले होते.

तुझी काळी अडली तेव्हा तू दोनदा म्हणालीस, "ताई, करडू आडवं आलंय. डॉक्टरांना बोलाव." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस," आणि हात घातला. तू बाटलीनं दूध पाजून वाढवलेली शेळी तासाभरात गेली. करडूही गेलं.

आई बाजारातून आली, तेव्हा मी तिला सांगितलं की छोटीनं मला उशिरा हाक मारली. तू तिथंच उभी राहून ऐकत होतीस. महिन्याभरात तू शहरात नोकरी धरलीस, आणि तुला शेळ्यांचा कंटाळा आला असं मीच सगळ्यांना सांगत सुटले.

आज चादरी वाळत घालताना आईला खरं काय ते सांगून टाकलं. तिच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "जिला सांगायचं तिला सांग."

म्हणून लिहायला बसले. पण तुझा पत्ता आईकडे आहे आणि वर्षभरात मी तो एकदाही विचारला नाही. आता कोणत्या तोंडानं मागू?

तुझी,
चुकलेली ताई