तान्ह्या पोळ्याचा बँड

प्रिय भाऊ,

उद्या तान्हा पोळा. सकाळपासून गल्लीतले पोट्टे लाकडी बैल ओढत दारात येऊन विचारून राहिले, "आत्या, उद्या बँड हाये ना?" तू गेल्यानंतरचा हा पहिलाच तान्हा पोळा. त्यांना काय सांगू? म्हणून तुलाच लिहायला बसले. पत्राला उत्तर तू जिवंतपणीही कधी दिलं नाहीस, तेव्हा आता तरी काय रागवायचं!

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठून शिरलं होतं रे? लग्नसराई संपली की बाकीचे बँडवाले पितळ पुसून माळ्यावर टाकायचे. तू म्हणायचास, "वरातीत सारे नाचतात, आयकते कोन?" आणि तान्ह्या पोळ्याला अख्खा बँड आपल्या अंगणात बसवायचास. नियम एकच: पोरासोबत आई नाहीतर बाप पाहिजे, दोघांनी मिळून ऐकायचं. आधी शब्बीरभाईंची क्लॅरिनेट एकटी वाजे, मग ट्रंपेट, मग ढोल, शेवटी खालचा जाड सूर धरणारं तुझं ते भलंमोठं युफोनियम. पोट्टे त्याला हत्ती म्हणायचे. हत्ती एकटा वाजला की हसून लोळायचे. मग सगळी वाद्यं एकदम सुरू झाली, की अंगण चिडीचूप! माझा चहा दरवर्षी उतू जायचा.

नंतर तुझा खेळ. चालू गाण्यात एकजण गुपचूप थांबायचा, आणि गाणं संपलं की तू विचारायचास, "कोन थांबलं?" ढोल थांबला की शेंबडं पोरही सांगे. हत्ती थांबला की मात्र कोणाला ओळखता येत नसे. "काहीतरी गेलं," एवढंच म्हणायचे. तुला त्याचा केवढा आनंद!

पण त्या वर्षी तो खेळ काहून खेळलास, मले सांग! कपाशी हातची गेलेली. लग्नं लोकांनी मुकाट्याने उरकली होती, बँड कोणी बोलावला नव्हता. पलीकडच्या गल्लीतल्या सुमीच्या बापानं त्याच उन्हाळ्यात जीव दिला होता. सात वर्षांची पोर फाटकाशी एकटीच उभी, हातात चाक निघालेला बैल. तिची माय घराबाहेर पडत नव्हती. कोणीतरी शहाण्यानं पोरीला नियम सांगितला, तेव्हा तू त्याच्यावर असा खेकसलास की तो मागच्या मागे निघून गेला. मग तिला हाताला धरून आणलंस आणि हत्तीशेजारी बसवलंस. तिथवर सगळं बरं होतं.

गाणं संपलं. तू विचारलंस, "कोन थांबलं?" पोरं एकमेकांची तोंडं पाहत बसली. सुमी लगेच म्हणाली, "तुमी."

"कसं वळखलं वं बाई?" तू हसत होतास.

"आमच्या घरी बी असंच झालं. समदे बोलतात, भांडतात. पन खालून काई येत नाई."

मागे बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. शब्बीरभाई क्लॅरिनेट उगाच पुसत राहिले. जेवताना मी तुला वाट्टेल ते बोलले. अरे, ज्याचं गेलं त्याच्यापुढे असा खेळ मांडतात का?  खेळ तेव्हापासून बंद झाला. सुमी मात्र रोज यायला लागली, आणि तू तिला हत्ती वाजवायला शिकवू लागलास.

आणि मग तू स्वतः! छातीत दुखतं ते लपवलंस. "गॅस झाला" म्हणे! तुला अमरावतीला नेताना वलगाव आलं आणि माझ्या मांडीवर तुझं डोकं जड झालं. असं न सांगता थांबतं का कोणी, भाऊ?

आता भातकुलीचे काका म्हणतात, वर्षभर घरात वाद्य वाजवायचं नाही. "लोक तोंडात शेण घालतील!" मलाही तेच पटलं होतं. आज दुपारी सुमीनं हत्ती बाहेर काढला. आता मोठी झाली रे, तरी सूर फाटतो तिचा. मी म्हटलं, "ठेव वं पोरी. उद्या पोट्टे विचारतील, बँडमास्तर कुठे गेले?"

ती म्हणाली, "आत्या, कोन गेलं थे पोट्ट्याइले सांगा लागत नाई. कोन हाये थे इचारा."

मी आत जाऊन खूप रडले.

काका रुसले तर रुसू देत. तुला शब्द देते, उद्या बँड बसेल. तुझा नियम मोडते मी. ज्याला आणायला घरात कोणी नाही, ते पोर माझ्याजवळ बसेल. एकेक वाद्य सुरू होईल आणि दर वेळी मी विचारीन, "कोन आलं?" शेवटी हत्ती. सुमीचा सूर फाटेल, पोट्टे हसून लोळतील. लोळू देत. मग सगळे एकदम वाजवतील. तेव्हा मात्र मी काही विचारणार नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
कुसुम